तारखेच्या रकान्यात थंडी

प्रिय धाकट्या,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद घेतला. उत्तर दे असंही म्हणत नाही, फक्त शेवटपर्यंत वाच.

आई बरी आहे. चहात साखर जास्त घालते आणि विचारलं की माझ्यावर ढकलते. डाव्या डोळ्याला आता उजेडही कळत नाही, पण घरात भिंतीला हात न लावता फिरते. शेजारच्या काकू आल्या की अजूनही तुझं कौतुक सुरू होतं. डोळ्यांच्या दवाखान्याच्या सगळ्या शाखांतल्या पेशंटची नावं रोज आपोआप एका जागी गोळा होतात, ती सोय माझ्या मुलानं केली म्हणून. काकू विषय बदलायला बघतात. आई बदलू देत नाही.

परवा तिचे थेंब आणायला दवाखान्यात गेले होते. तुझ्या जागी आलेली मुलगी भेटली. चुणचुणीत आहे, तुझ्यासारखीच जेवायचं विसरते. तिनं मला पडद्यावर दाखवलं. कामाच्या प्रत्येक पायरीपुढे ठरवून ठेवावं लागतं, इथे चूक आली तर काय करायचं: सगळंच थांबवायचं, की चुकलेली नोंद वगळून पुढे जायचं? पूर्वी सगळीकडे 'थांबा' होतं म्हणे. मग मला ते दिवस आठवले. कुणीतरी फोन नंबरात एक आकडा कमी लिहायचं, त्या एकापायी सगळ्यांची यादी अडकायची आणि तू आंघोळ अर्धी टाकून पळायचास. साहेब तुला 'खोळंबाराव' म्हणायला लागले होते. आपण घरात हसायचो, पण तुला ते लागलं होतं. शेवटी तू 'पुढे जा' करून टाकलंस, आणि कितीतरी दिवसांनी आमच्याबरोबर बसून सावकाश नाश्ता केलास. आई किती खूश होती त्या सकाळी.

आईला स्वतःची जन्मतारीख ठाऊक नाही, हे काउंटरवरच्या नव्या बाईंना कुठून माहीत असणार? त्यांनी विचारलं, आईनं थंडीतला जन्म म्हणून सांगितलं, आणि बाईंनी तारखेच्या रकान्यात इमानेइतबारे 'थंडी' लिहून टाकलं. यंत्रानं तारीख शोधली, सापडली नाही, आईला वगळलं आणि पुढे गेलं. रोज तेच. आणि तुझ्या पडद्यावर रोज 'काम यशस्वी' असं हिरवं उमटत राहिलं. तपासणीला या म्हणून फोन यादीतल्या सगळ्यांना गेले, आईचं नाव यादीतच नव्हतं. काचबिंदूत दुखत काही नाही, त्यामुळे डावा डोळा जाईपर्यंत तिलाही कळलं नाही. मी म्हटलं होतं, आपणच जाऊन येऊ. तर म्हणाली, धाकट्याचं यंत्र आहे, वेळ झाली की बोलावेलच.

हे सगळं तूच शोधून काढलंस. राजीनामा दिलास आणि तेव्हापासून घरी पाऊल टाकलं नाहीस. त्या मुलीनं आता वेगळंच बसवलंय. चुकलेली नोंद बाजूला काढायची, बाकीचं पुढे जाऊ द्यायचं, आणि सकाळी काउंटरवरच्या बाई ती नोंद बघून त्या माणसाला स्वतः फोन करतात. इतकं साधं होतं रे. तुला टोचायला लिहीत नाही. तेव्हा तुझ्या शेजारी बसून हे कुणीतरी शांतपणे सुचवायला हवं होतं. सगळे नुसते लवकर कर म्हणत होते, आणि घरी आम्ही लवकर ये म्हणत होतो.

आता खरं सांगते. उजव्या डोळ्यातलाही दाब वाढलाय. गुरुवारी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरीणबाई फार जपून बोलतात, नजर राहीलच असं काही त्या म्हणाल्या नाहीत. आईनं सही केली, पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "मी रागावले नाही असं त्याला सांगू नकोस, पटायचं नाही त्याला. एवढंच लिही, बुधवारपर्यंत मला दिसतंय."

अजूनही तुझीच,
ताई