बरणीतलं कुसरूड

बुधवार, आषाढ. पोशीर.

पंखा बंद आहे आणि मी घामाने भिजून लिहिते आहे. कारण काय, तर भिंतीवर बसलेला तळहाताएवढा पिवळा पतंग. संध्याकाळी तो दिसताच सासूबाईंनी हात जोडले. "पंखा बंद कर गं, लागंल त्यांना. आबा आलेत."

आबा म्हणजे माझे सासरे. दिवाळीत गेले.

पण हा पतंग माझ्या बरणीतला आहे! गेल्या पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर केसाळ कुसरुडांचा, म्हणजे सुरवंटांचा, थर बसला होता, अंगभर खाज. सासूबाई दरवर्षी काठीला चिंधी गुंडाळून, डिझेलमध्ये बुडवून पलिता करतात आणि त्यांना जाळतात. त्यातलं एक मी बरणीत ठेवलं, पुढे त्याचं काय होतं ते बघायला. ते मातीत शिरलं आणि मी विसरले. आज बरणीवरचं फडकं सरकलेलं, आत नुसतं फुटकं कवच. तेव्हा आबा धडधाकट होते, बरणीत माती त्यांनीच भरून दिली होती. मग हा आबा कसा असेल?

राहवलं नाही, सासूबाईंना सगळं सांगितलं. बरणीही दाखवली. कशाला दाखवली? त्यांनी कवच बोटाने हलवून पाहिलं. "असंल. तरी पंखा नको लावू."

नंतर भांडी घासायला मागच्या दारी गेले, तर पलित्याची काठी जागेवर नव्हती. चिंधी काढून त्यांनी ती कारल्याच्या वेलाला आधार म्हणून रोवली होती.

म्हणजे श्रावणात कुसरुडं चढली की खाजवत बसायचं. बसू.