म्हाराजांची तबकडी

बाबा, आज दुपारी पुण्याहून एक गृहस्थ तुझी रेकॉर्ड न्यायला येणार आहेत, आणि सकाळपासून माझा पाय एका जागी ठरत नाही. दूध उतू गेलं. धुतलेले कप पुन्हा धुतले. शेवटी कागद घेऊन तुझ्या खुर्चीत बसले, कारण या बाबतीत ज्याच्याशी बोलावं असं दुसरं कुणी उरलेलं नाही. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तुझ्यामागून आईही गेली, आणि मी निवृत्त शिक्षिका एका तबकडीपायी खोपोलीच्या या घरात येरझारा घालते आहे. तू बघितलं असतंस तर म्हणाला असतास, "बस की गं बाय, इंचू चावला काय तुला?"

रेकॉर्ड म्हणजे तीच, म्हाराजांची. साजगावच्या कारखान्यात नवा प्रेस बसवायला परदेशातून इंजिनियर आला होता आणि तू त्याच्या हाताखाली फिटर होतास. काम संपवून परत जाताना त्याने तुला रेकॉर्ड प्लेअर दिला, वर तीन रेकॉर्डी. पोशीरच्या शेतकऱ्याचा मुलगा तू, तुला त्यातलं काय कळणार असं आम्हाला वाटलं होतं. तुलाही वाटलं असेल. दोन रेकॉर्डी नाचाच्या होत्या. तिसरीत गाणंच नव्हतं. आधी घुंगरांसारखं काहीतरी खुळखुळायचं, मग तंबोरा लागायचा, आणि मग सॅक्सोफोन असा सुरू व्हायचा की कुणीतरी शेताच्या पलीकडच्या बांधावरून हाका मारतंय आणि ओ कुणीच देत नाही. एक बाजू संपेपर्यंत हेच चालायचं. रविवारी आंघोळ करून तू बनियनवर बसायचास आणि ती लावायचास. मी वैतागून विचारायची, "बाबा, यात गाणं कधी येतं?" तू म्हणायचास, "येल, येल. बस जरा." ते काही कधी आलं नाही, पण मी बसायची.

कव्हरावर तो वाजवणारा आहे. काळासावळा, दाढीवाला, अंगात पांढरा झगा, मांडीवर वाद्य, डोळे मिटलेले. दसऱ्याला आई दाराला भाताच्या लोंब्या आणि कुरडूच्या फुलांचं तोरण बांधायची आणि पाटावर तुझे पाने, घरातला कोयता, माझी पुस्तकं मांडायची. प्लेअर घरात आला त्या वर्षी तिने तोही मांडला आणि त्याला टेकवून ही रेकॉर्ड ठेवली. "कोन तरी म्हाराज दिसतात, डोळं मिटून बसलेत बघ," असं म्हणून तिने त्याच्या कपाळाला हळदकुंकू लावलं आणि नमस्कार केला. पुढे दर दसऱ्याला तेच. कॉलेजात जायला लागल्यावर मला याची लाज वाटू लागली. एकदा मैत्रीण घरी आलेली असताना मी आईला झापलं, "अगं, तो वाजंत्री आहे, महाराज-बिहाराज नाही!" तू कधी आवाज चढवायचा नाहीस. त्या दिवशी चढवलास. "तुला काय करायचंय? तिचा म्हाराज हाय तो. राव दे." मैत्रिणीसमोर माझा चेहरा पडला, पण आईचा खुलला, आणि पुढच्या दसऱ्याला तिने जरा मोठंच कुंकू लावलं.

आता या गृहस्थांचं सांगते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने घरी आला असताना कव्हराचा फोटो काढून फेसबुकवर टाकला, आणि मला फोन यायला लागले. अशा रेकॉर्डी जमवणाऱ्या लोकांचा एक कंपू आहे. कळंबला एकाचं फार्महाऊस आहे, तिथे ते रविवारी जमतात. मलाही बोलावलं. मी कर्जतहून रिक्षा करून गेले, रेकॉर्ड साडीच्या दुकानाच्या पिशवीत. ती पिशवी बघून एकाने छातीला हात लावला. हे लोक तुझ्या त्या हाकांना स्पिरिच्युअल जॅझ म्हणतात, म्हणजे आईचा अंदाज फारसा चुकला नव्हता. मूळ रेकॉर्डी तेव्हा थोड्याच निघाल्या होत्या आणि आता परदेशातल्या एका कंपनीने ती पुन्हा नव्याने काढली आहे. नवी घेऊन समाधान मानावं की जुनीच शोधत राहावं, यावर तिथे हमरीतुमरी चालली होती. "मूळ टेपवरून केलीय, ऐका किती स्वच्छ आहे," असं एक म्हणाला की दुसरा म्हणे, "स्वच्छ कसली, पुसून काढलीय. जीव गेला तिच्यातला." मग स्वयंपाकघरातून वजनकाटा आणून दोन्ही तबकड्या तोलल्या. नवी जड भरली. त्यावरही दोन तट पडले. मला हसू येत होतं आणि आवडतही होतं, कारण तुझ्या रेकॉर्डवरून कुणी इतकं जीव तोडून भांडेल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं.

मग कुणीतरी माझं कव्हर हातात घेतलं. "अरेरे. तबकडी सुंदर राहिलीय, पण कव्हर गेलं. कपाळावर केवढा डाग!" मी म्हटलं, "डाग नाही तो, कुंकू आहे." तो म्हणाला, "तेच ते."

पुण्याचे गृहस्थही त्या कंपूतलेच. निघताना फाटकापर्यंत सोडायला आले आणि मग हळूच विषय काढला. तरुणपणी हॉस्टेलवर मित्राच्या खोलीत त्यांनी ही रेकॉर्ड एकदाच ऐकली होती, तेव्हापासून शोधत होते. शेवटी मिळाली, तर कव्हर कोरं करकरीत आणि तबकडी दुसऱ्या बाजूला अडकणारी. "तुमची तबकडी माझ्या कव्हरात जाईल. तुमच्या कव्हरात घालायला मी नवी देतो. कव्हर तुमचंच राहील, तुमच्या आईंची आठवण म्हणून." स्थळ जुळवावं तसं त्यांनी सगळं जुळवून ठेवलं होतं. पैशाचं नाव काढलं नाही. माणूस भला आहे, बाबा, तिथेच सगळी पंचाईत आहे. लबाड असता तर फाटकातच नाही म्हटलं असतं. मी म्हणाले, विचार करते. त्यांनी नवी रेकॉर्ड विश्वासाने माझ्या पिशवीत घातली आणि आजचा वार ठरवला.

तेव्हापासून विचारच करते आहे. तुझा प्लेअर अजून चालतो. आधी जुनी लावली, मग नवी, मग पुन्हा जुनी. प्रेसच्या धडधडीने तुझे कान गेले तेव्हा तू प्लेअरच्या लाकडी खोक्यावर पंजा ठेवून ऐकायचास, आठवतं? सुई मी ठेवायची, तू विचारायचास, "लागली काय गं?" आणि मी मान हलवली की डोळे मिटायचास. मीही तसा हात ठेवून बघितला. काहीतरी फरक सापडावा, देऊ नये असं एखादं कारण मिळावं, म्हणून अक्षरशः जीव कानात आणला. नाही सापडला. खरं तर नवीत खरखर कमी आहे, तंबोरा जास्त छान लागतो. हाताला दोन्ही सारख्याच लागतात. नाही म्हणायला माझ्याकडे एकही कारण नाही, आणि मला द्यायची नाही. त्यात तुझ्या त्या दोन रेकॉर्डी आठवतात. एक कँटीनवाल्याला आवडली म्हणून तू देऊन टाकलीस, दुसरी शेजारच्या लग्नात गेली ती परत मागितली नाहीस. आई चिडली तर म्हणालास, "त्यानं आपल्याला फुकट दिली ना? मंग?"

बेल वाजली.

आत्ताच गेले. तुझ्याच खुर्चीत बसले होते. मी चहा ठेवला, रेकॉर्ड आणली, त्यांच्या देखत तबकडी कव्हरातून बाहेर काढली. ती त्यांच्या हातात आणि रिकामं कव्हर माझ्या हातात. कपाळावर ते आईचं बोट, वर्षांवर वर्षं चढून काळपट झालेलं, आणि आत काहीच नाही. तबकडी तुझी आहे आणि कव्हर आईचं आहे, बाबा. तुम्ही दोघं एका जागी असे आता एवढ्यातच उरला आहात, आणि मी तुम्हाला वेगळं करायला निघाले होते. पण हे त्या परक्या माणसाला कुठल्या तोंडाने सांगू? मी म्हणाले, "माफ करा, मी दोन्ही ऐकल्या. नवीत तो खालचा सूरच येत नाही. मला नाही जमणार द्यायला." मला वाटलं, पकडली गेले. तर त्यांनी तबकडी दोन्ही हातांनी परत केली आणि म्हणाले, "मला वाटलंच होतं. ज्याला कान आहे त्यालाच हे कळतं." नवी रेकॉर्ड पिशवीत घालून उठले. जिना उतरताना त्यांचा हात कठड्यावर जरा जास्तच रेंगाळला. संध्याकाळपर्यंत कळंबच्या कंपूत बातमी पोचेल, खोपोलीच्या बाईंना खालचा सूर ऐकू येतो म्हणून.

हा कागद पाठवायचा कुठे? कव्हरातच सारून ठेवते. कव्हर फुगेल, ते लोक बघतील तर ओरडतील, ओरडू देत. मन मात्र अजून थाऱ्यावर नाही. कपबशी समोर तशीच आहे, उचलवत नाही. तू असतास तर त्यांना चहा पाजून रेकॉर्ड देऊन टाकली असतीस. मी चहा तेवढा पाजला.