कोकुराच्या गाडीचे पाहुणे

१२ नोव्हेंबर, सोमवार
आज पुन्हा तेच! बेप्पू स्टेशनसमोरचं गरम पाण्याचं कुंड हात शेकायला आहे. वर हाताचं ढळढळीत चित्र आहे. तरी एका जाड्याने मोजे काढून दोन्ही पाय आत सोडले. मी आमच्या मात्सुनोया विश्रामगृहाचा झेंडा धरून, गाडीच्या पाहुण्यांची वाट बघत, तोंडावर हसू घेऊन उभी. त्याला वाटलं मी कौतुकाने बघतेय.

शेजारी तोमोए विश्रामगृहाचा ओरिबे. इस्त्रीचा झेंडा, आणि पाटीवर पाहुण्यांची नावं सुबक अक्षरात. अक्षर चांगलं एवढ्या भांडवलावर माणूस जन्म काढतो.

१३ नोव्हेंबर
कोहेईचा फोन. सहा वर्षांनी आईची आठवण झाली चिरंजीवांना! शनिवारी ओसाकाहून येतोय, बायको-मुलीसकट. वर हुकूम — "संध्याकाळी काम दुसऱ्या कोणाकडे दे, आई. आणि स्टेशनवर येऊ नकोस. आम्ही आलो की फोन करतो."

शनिवारी! ऐन पानगळीच्या गर्दीच्या मोसमात! म्हटलं, "तुझ्या बापाने लग्नाच्या दिवशीसुद्धा पाहुण्यांची ताटं वाढली होती." म्हणाला, "माहीत आहे, आई. म्हणूनच सांगतोय." ओसाकाला राहून कोड्यात बोलायला शिकलाय.

येऊ दे. या खेपेला तोंडावर विचारणार — मात्सुनोया चालवतोस की नाही? माझे गुडघे संपले. हा नाही म्हणाला तर कुलूप.

१५ नोव्हेंबर
कोठीशेजारची मागची खोली आवरली. पुढच्या सगळ्या पाहुण्यांना गेल्या. सूनबाई मिनाको नाक मुरडेल. मुरडू दे. घरची माणसं मागेच झोपतात आणि पाहुण्यांच्या आंघोळी उरकल्या की मग पाण्यात उतरतात. कोहेई तसाच वाढला, काय बिघडलं त्याचं?

चिहारुसाठी वाफेवरचं पुडिंग करायला सांगितलंय. पाच वर्षांची झाली नात. फोटोतच पाहिलीय.

१७ नोव्हेंबर, शनिवार
आजचं लिहावंसं वाटत नाही. तरी लिहिते.

ओसाकाची माणसं कोकुराला गाडी बदलून येतात; माझे पाहुणेही त्याच कोकुराच्या गाडीने यायचे होते, म्हणून स्टेशनवर गेले. ओरिबेच्या पाटीवर 'इवाबुची कुटुंब'. म्हटलं, निघाला कोणी आमचा आडनावबंधू. तेवढ्यात फाटकातून कोहेई बाहेर आला, मागे मिनाको, तिचा हात धरून पोर. तिघं सरळ ओरिबेकडे!

आईचं घर पलीकडच्या गल्लीत आणि मुलगा उतरतो तोमोएत. सगळ्या गावासमोर.

कोहेईने मला पाहिलं. धावत आला. "आई, आधी ऐक तरी—"

मी कमरेत वाकले. परक्याला म्हणते तसंच म्हटलं, "बेप्पूत आपलं स्वागत असो." पोर म्हणाली, "बाबा, हीच का आजी?" मी माझ्या पाहुण्यांच्या बॅगा उचलल्या आणि निघाले.

संध्याकाळभर फोन. मोलकरणीला बजावलं — सांग, मालकीण कामात आहे. ओरिबे मागच्या दाराशी दोनदा येऊन गेला. दार उघडलं नाही. सावज पळवलं ते पळवलं, आता समजूत घालायला आलाय!

१८ नोव्हेंबर
सकाळी कोहेई आला. मी मागच्या दाराने मासळीबाजारात निघून गेले. शेजाऱ्याच्या गादीवर लोळायचं आणि सकाळी आईला तोंड दाखवायचं — ही ओसाकाची रीत असेल.

दुपारच्या गाडीने गेले म्हणे. पुडिंग मोलकरणीने खाल्लं.

१९ नोव्हेंबर
ओरिबेने आज स्टेशनवर वाट अडवली. "मालकीणबाई, रागवा, पण ऐकून घ्या. कोहेईसाहेबांनी खोली चौघांची घेतली होती. म्हणाले, मात्सुनोया मी चालवणारच आहे, पण आईने जन्मात कुठे पाहुणी म्हणून पाय ठेवलेला नाही. एक रात्र तिला कोणीतरी वाढू दे."

मी झेंडा गुंडाळायला घेतला. तो म्हणाला, "सकाळी आम्ही अंथरुणं उचलायला गेलो. चौथं त्या मुलीने उचलू दिलं नाही. म्हणाली, आजी अजून यायची आहे."