अण्णांच्या चूर्णातला सातवा जिन्नस

प्रिय अण्णा,

उद्या सकाळी अकरा वाजता माझी पीएचडीची तोंडी परीक्षा आहे. खरं तर आत्ता मी प्रबंध पुन्हा एकदा चाळायला हवा. पण जुळे सोलापूरच्या या खोलीत दुपारपासून मी नुसत्या येरझाऱ्या घालतेय, कारण त्या प्रबंधात मी तुमचं गुपित छापलंय. उद्या परगावचे परीक्षक ते चारचौघांत मोठ्यानं वाचतील. त्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणून लिहायला बसले.

रागावू नका. किंवा रागवा, पण पत्र शेवटपर्यंत वाचा. अर्धं वाचून निकाल द्यायची तुमची सवय मला माहीत आहे.

तुम्ही पहिल्यांदा कॉलेजात आलात तो दिवस आठवतो? मोहोळहून एसटीनं, मांडीवर स्टीलचा डबा घेऊन. सात रस्ता चौकात रिक्षावाल्याला तुम्ही 'उंदरांच्या दवाखान्यात' न्यायला सांगितलंत, आणि त्या भल्या माणसानं चौकशी करत करत तुम्हाला बरोबर आमच्या दारात आणून सोडलं! डब्यात आपल्या दुकानाचं पाचक चूर्ण होतं. पणजोबांपासून चालत आलेलं, एक चमचा घेतला की दहा मिनिटांत ढेकर. त्यानं पोटातलं आम्ल खरंच कमी होतं का आणि ते बरेच दिवस घेतलं तर काही अपाय होतो का, हे मला पांढऱ्या उंदरांवर तपासायचं होतं. बाकीच्या मुली विषय शोधत पुण्या-हैदराबादच्या ग्रंथालयांत हिंडल्या. माझा विषय आपल्या गल्ल्यावर बरणीत भरून ठेवलेला होता.

माझ्या मार्गदर्शक सरांना तुम्ही नमस्कार केलात आणि लगेच विचारलंत, उंदरांना पथ्य सांगितलंय का? वांगं बंद ठेवा, हरभऱ्याची डाळ तर दाखवूसुद्धा नका. सरांनी ते सगळं वहीत लिहून घेतलं. मी मेल्याहून मेल्यासारखी उभी होते. विषय बदलावा म्हणून मी सांगितलं की उंदराला ढेकर येत नाही, म्हणून आम्ही त्याच्या पोटातलं आम्ल मोजतो. तुमचा चेहरा पडला.

"उंदराला ढेकर येत न्हाय? मग गुण आला का न्हाय, हे तुला कळणार कसं?"

त्यावर सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. सरांना पित्ताचा त्रास आहे हे तुम्ही तेवढ्यात ओळखलंत आणि खिशातून दुकानातल्या चार पुड्या काढून त्यांच्या टेबलावर ठेवल्यात. डबा उंदरांना, पुड्या सरांना. ही वाटणी पुढे महागात पडणार होती, आणि तिच्यातली मेख त्या खोलीत फक्त तुम्हाला माहीत होती.

आता त्या सातव्या जिनसाबद्दल. ओवा, सुंठ, जिरं, बडीशेप, हिरडा आणि हिंग. हे सहा जिन्नस आई आणि मी कुटायचो. कुटून हात भरून यायचे. मग तुम्ही आंघोळ करून, ओल्या पंच्यानं माजघरात जायचात, आतून कडी लावायचात आणि सातवा जिन्नस घालून बाहेर यायचात. तो घराबाहेर जाऊ द्यायचा नाही, आणि लेक तर घराबाहेर जाणारच! म्हणून एका दसऱ्याला तुम्ही तो दादाच्या कानात सांगितलात. दादा तेव्हा नववीत नापास झाला होता आणि मी सातवीत वर्गात पहिली आले होते. मी दोन दिवस जेवले नव्हते, हे तुम्हाला कळलं तरी होतं का?

संशोधनासाठी यादी लागते म्हटल्यावर तुम्ही कागदावर सहाच नावं लिहिलीत आणि खाली दुकानाचा शिक्का मारलात. मी सातव्याचं विचारलं तर म्हणालात, तो नुसता मंत्र आहे. मी ते खरं मानलं. इतकी वर्षं औषधशास्त्र शिकलेली मुलगी, आणि बापानं मंत्र म्हटलं की गप्प बसते!

उंदरांनी डब्यातलं चूर्ण खाल्लं आणि त्यांना काहीही झालं नाही. अपाय नाही आणि उपायही नाही. आम्ल होतं तिथंच. मी मात्रा वाढवली, पुन्हा सगळं केलं, तरी तेच. तुमचा फोन आला, "उंदरं काय म्हणत्यात?" आणि मी म्हटलं, सगळी ठणठणीत आहेत. खोटं नव्हतं ते. पण अर्धं होतं, आणि अर्धं ठेवायचं ते मीच ठरवलं होतं. तुम्ही त्याच दिवशी अख्ख्या पेठेत पेढे वाटलेत आणि दुकानावर पाटी लावलीत: 'लेकीने प्रयोगशाळेत सिद्ध केलेले'. सुट्टीला आले तेव्हा ती पाटी पाहून मी तशीच मागच्या दारानं घरात गेले.

इकडे सरांच्या पुड्या संपल्या. त्यांनी मला बोलावून हळूच आणखी मागितल्या. मग स्वतःच थबकले आणि म्हणाले, उंदरांना गुण येत नाही आणि मला येतो, याचा अर्थ काय? डबा आणि पुडी शेजारी शेजारी ठेवून तपास, असं त्यांनी सांगितलं. रविवारी घरी जाऊन पुडी आणायची असं मी ठरवलं होतं. शुक्रवारी दादाचा फोन आला. तुम्ही दुपारचं जेवून नेहमीसारखे आडवे झालात आणि चहाला उठला नाहीत.

तेरावं झाल्यावर मी स्वयंपाकघरात दोन वाट्या घेतल्या. एकीत डब्यातलं चूर्ण, दुसरीत पुडीतलं. दोन्हींवर लिंबू पिळलं. डब्यातलं नुसतं भिजलं. पुडीतलं फसफसून वाटीबाहेर आलं.

सोडा, अण्णा! खायचा सोडा! भज्यांत घालतात तो! पणजोबांपासून चालत आलेलं गुपित कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळत होतं, आणि त्यासाठी तुम्ही थंडीतसुद्धा ओला पंचा नेसत होतात!

आई बाजूला ज्वारी निवडत बसली होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"लगीन होऊन आले तवापास्नं ठावं हाय मला," ती म्हणाली. "किराणाची यादी मीच करती की."

मग इतकी वर्षं बोलली का नाहीस, असं मी विचारलं. तुम्हाला वाटत होतं कुणाला ठाऊक नाही, तर वाटू द्यावं, एवढंच तिचं म्हणणं. आणि मग सुपातले खडे वेचता वेचता तिनं ते सांगितलं, जे मला अजून गिळता येत नाही.

"तुला डबा दिला त्यात त्यांनी सोडा घातला न्हाय. म्हनाले, पोरगी लई शिकली हाय. सोडा बघून हसंल."

मी हसले असते, अण्णा. खोटं कशाला बोलू? पोट धरून हसले असते आणि सरांनाही सांगितलं असतं. पण त्यानंतर मी तुम्हाला विचारलं असतं, हे तुम्ही स्वतः किती घेता?

कारण तुम्हाला बीपी होतं. डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितल्यावर तुम्ही लोणचं सोडलंत, पापड सोडलात, आईनं डाळीत चिमूटभर जास्त घातलं तर ताट सरकवलंत. आणि दोन्ही जेवणांनंतर चूर्णाचा मोठा चमचा घेत राहिलात. सोड्यातही मिठासारखंच सोडियम असतं. बीपीवाल्यानं तो रोज खाऊ नये, हे कळायला उंदीर लागत नाहीत. माझ्या दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात ते लिहिलेलं आहे, आणि त्याखाली मी स्वतः पेन्सिलीनं रेघ मारली होती. तुम्ही गेलात ते त्यामुळेच, असं मी म्हणत नाही. तसं म्हणायला पुरावा लागतो आणि तो माझ्याकडे नाही. पण मी जेवायला तुमच्या शेजारी बसायची आणि चूर्णाची बरणी तुमच्या हातात मीच द्यायची.

मग मी सगळे प्रयोग पहिल्यापासून केले, सात जिनसांनी. परवानग्या नव्या, उंदीर नवे, वर्ष वाढलं. आम्ल झटक्यात उतरलं, अण्णा. थोड्या वेळानं परत चढलं, पण उतरलं. तुमचं चूर्ण खोटं नव्हतं. मी ते सगळं प्रबंधात लिहिलंय, सोड्याचं नाव घालून आणि तो कुणी टाळावा हेही लिहून.

दादाला हे पटलं नाही. अण्णांची अब्रू चव्हाट्यावर मांडायची का, म्हणाला आणि दोन महिने माझ्याशी बोलला नाही. दुकान आता तोच चालवतो, गिऱ्हाइकांना तोंड त्यालाच द्यायचं असतं, त्यामुळे त्याचंही मला कळतं. गेल्या आठवड्यात त्यानं फोन केला. नव्या पुडीवर सातही नावं छापतो म्हणाला. "पण म्हाताऱ्या गिऱ्हाइकांना वाचता येत न्हाय. त्यांना तोंडानं सांगावं लागंल, आणि ते माझ्यानं व्हायचं न्हाय."

ते मी करणार. उद्या पास होवो की नापास, येत्या बाजाराच्या दिवशी मी मोहोळला येऊन दुकानात उभी राहीन, आणि त्यानंतरच्या प्रत्येक बाजाराला. तुम्हाला तीस-तीस वर्षं ओळखणारी माणसं येतील. पुडी हातात देण्याआधी मी प्रत्येकाला सांगेन: यात सोडा आहे, बीपी असेल तर घेऊ नका. आमचे अण्णा घ्यायचे, आणि त्यांना सांगायचं राहून गेलं.

तुमची लेक,
अश्विनी