माय फादर इज अ मास्टर

उल्हासनगर, कॅम्प नं. ३
ता. २० ऑगस्ट १९८८

ती. धर्मराजमामांस,
अंजनीचा सविनय जयभीम. वि. वि. मामीचा गुडघा कसा आहे? आई रोज काळजी करते, पत्र मात्र मला लिहायला लावते.

मामा, मोठा घोळ झालाय. कॉलेजात इंग्रजीच्या बाईंनी वडिलांच्या कामावर निबंध दिला होता. मी लिहिलं, 'माय फादर इज अ मास्टर इन कॅम्प थ्री.' बाबांना जीन्सच्या कारखान्यात सगळे मास्टरच म्हणतात, सिंधी शेठसुद्धा मानाने 'मास्टर साईं' अशी हाक मारतो. बाईंना वाटलं, शाळेतले मास्तर! त्यांनी भर वर्गात कौतुक केलं आणि शिक्षकदिनाला बाबांना पाहुणे म्हणून बोलावलं. तेव्हा खरं सांगायचं राहूनच गेलं. घरी नुसतं बोलावलंय एवढंच सांगितलं, तर बाबांनी स्वतःसाठी नवा शर्ट बेतला. तिथे त्यांचं हसं झालं तर? तुम्ही इंग्रजी शिकवता, बरोबर वाक्य लगेच कळवा.
लोभ आहेच, या वेळी जरा जास्त लागेल.
आपली, अंजनी

बदलापूर
ता. २५ ऑगस्ट

चि. अंजनीस,
जयभीम व आशीर्वाद. गुडघा कुरकुरतो, मामीही.

वाक्य असं लिही: 'माय फादर इज अ कटिंग मास्टर अ‍ॅट अ जीन्स वर्कशॉप.' तुझ्या वाक्यातून ठिकाण कळतं, काम कळत नाही.

हे झालं मास्तराचं उत्तर. आता मामा म्हणून विचारतो, रागावू नकोस. 'कटिंग' हा शब्द तुझ्या हातून गळला, की तू कापलास? कापला असशील तर आधी दाजींना सांग, मग बाईंना. शर्ट घालून निघायच्या आत सांग, पोरी.
तुझाच, मामा

उल्हासनगर
ता. २ सप्टेंबर

ती. मामांस,
सविनय जयभीम. वि. वि.

कापलाच होता, मामा. वर्गात कुणाचे वडील बँकेत, कुणाचे रेल्वेत. मला लाज वाटली.

बाईंना आज सांगितलं. त्यांनी लाल शाईने वाक्य सुधारलं आणि दुसरे पाहुणे ठरवले. पण बाबांना कालच सांगितलं होतं. ते शर्टाला इस्त्री करत होते. ऐकून त्यांनी इस्त्री उभी करून ठेवली. मग निबंध आणायला सांगितला आणि विचारलं, यात 'माझे वडील' कुठे लिहिलंय? मी 'माय फादर'वर बोट ठेवलं. बाबा म्हणाले, हे दोन शब्द बरोबर आहेत ना? मग पुढचं सुधारता येतं.

मला रडूच आवरेना. रविवारी आम्ही तुमच्याकडे येतोय. बाबा नवा शर्ट घालणार आहेत.

माया अशीच असू द्या.
कटिंग मास्टरांची मुलगी,
अंजनी