सलोनीचा पायगुण

मिठबाव

प्रिय मंगेश,

सात वर्षांनी तुला लिहिते आहे. गेल्या महिन्यात माझ्या आतड्यातली कॅन्सरची गाठ काढली. वेळेत सापडली, म्हणून वाचले.

घरात आणखी कोणाला होता, असं डॉक्टरांनी विचारलं. मी आधी आबांचं नाव सांगितलं, मग काकांचं, मग आजीचं. त्यांनी माझं रक्त तपासायला पाठवलं. शरीरात नव्या पेशी तयार होताना ज्या चुका होतात, त्या दुरुस्त करणारं एक जनुक माझ्यात जन्मापासूनच बिघडलेलं निघालं. ते आबांकडून आलंय. तुझ्यातही असण्याची शक्यता निम्मी आहे.

आबा गेले तेव्हा सलोनीला तुझ्याशी लग्न करून या घरात येऊन चारच महिने झाले होते. बाराव्याला सगळ्यांसमोर मी म्हटलं, "हिचो पाय वायट. ही घरात इली आणि माझो बापूस गेलो."

तू म्हणालास, "ताई, शब्द मागे घे."

मी घेतला नाही. तुम्ही दोघं कुडाळला गेलात ते गेलातच.

आबांचं दुखणं त्यांच्या जन्माबरोबर आलं होतं, मंगेश. सलोनी तेव्हा जगातही नव्हती.

हे पत्र मी टाकणार नाही. ही माफी कागदावर मागून भागणार नाही. उद्या सकाळच्या एसटीने मी येते आहे. दार सलोनीने उघडलं तर उंबऱ्याबाहेरच तिच्या पाया पडेन. तिने ते माझ्या तोंडावर लावून घेतलं, तर बाहेरूनच ओरडून सांगेन, "वहिनी, माका घरात घेव नको, पण माझ्या भावाक तपासूक ने."

तुझी ताई,
शेवंती