पांढऱ्या कागदामागची आई

बाभुळगाव, रविवार, संध्याकाळ

आई जाऊन आठवडा झाला. उद्या पुण्यानुमोदनाचा विधी. बुद्धाच्या मूर्तीशेजारी ठेवायला तिचा फोटो हवा, आणि तो माझ्याकडे नाही. वीस वर्षं सिनेमांसाठी कॅमेरा चालवतोय मी! दुपारी दादा म्हणाला, "काहून रे, अख्ख्या दुनियेचे चेहरे टिपले तुनं, मायचा एक फोटो नाही तुह्याजवळ?"

तशी आई आहे. हार्ड डिस्कवर तिच्या व्हिडिओचे पुष्कळ तुकडे सापडले. पण प्रत्येकात चेहऱ्यापुढे पांढरा कागद. कॅमेऱ्याला पांढरा रंग नीट कळावा म्हणून आम्ही आधी कुणाला तरी असा कागद धरायला लावतो. नवा कॅमेरा घेऊन घरी आलो की मी आईलाच अंगणात उभी करायचो. रंग जुळला की कॅमेरा बंद. खास तिच्यासाठी कधी सुरू केला होता? एकदाही नाही.

फोटोवाल्याने आधार कार्डावरचा फोटो मोठा करून दिलाय. त्यात ती पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसते. वहिनी म्हणाली, "राहू द्या भाऊजी, चालते." कसं चालते?

शेवटचा तुकडा सारखा पाहून राह्यलो. हिरवं पातळ, बांगड्या, तो कागद. कागदामागून आवाज येतो, "झालं का रे बापू? घेऊ का खाली?"

मग माझा आवाज, "झालं माय. जाय तू आता."

कागद खाली येऊ लागतो. कपाळ दिसतं. तिथेच मी कॅमेरा बंद केलाय.